वर्षभर हात न लागलेली वस्तू

जीवराम नेहेत्यांचा संगणक चालू व्हायला नऊ मिनिटं लागतात, ही बातमी कॉलनीत नेमकी कोणी फोडली हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचा स्वतःचा संशय शेजारच्या सुपडू बाविस्करांवर होता, कारण वीजमंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातलं कुठलंही यंत्र सुखानं चाललेलं बघवत नाही, असं त्यांचं मत होतं. एरवी कोणाचा संगणक मंद असला तर त्यात बातमी ती काय? पण जीवरामभाऊंची गोष्ट वेगळी होती. जळगावात पिंप्राळ्याकडच्या त्या कॉलनीत मारुतीच्या ओट्याशेजारी एक फळा आहे. त्यावर दर सोमवारी 'घरचा संगणक सोपा करा' अशा मथळ्याखाली ते एक युक्ती खडूनं लिहीत. चूक झाल्यास कंट्रोल आणि झेड ही बटणं एकदम दाबावी. अक्षर बारीक दिसल्यास कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबावं. काहीच सुचेनासं झाल्यास यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं. खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त मुख्य पार्सल लिपिक, भुसावळ'. अशा माणसाच्या घरचं यंत्र सकाळी चालू केलं की त्याची आंघोळ, पूजा आणि चहा उरकला तरी पडद्यावर वर्तुळ फिरवत बसलेलं असे. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' एवढंच सुपडूभाऊ फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, आणि पुढचं अर्धं मुद्दाम म्हणाले नाहीत.

घरात या विषयावर चर्चा होण्याची सोय नव्हती, कारण सुनंदाबाई बोलत नसत. म्हणजे नवऱ्यावर रुसल्या होत्या अशातला भाग नाही. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्यांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. आता श्वाससुद्धा गळ्याला पाडलेल्या छिद्रातून. त्यावर मलमलीचा रुमाल बांधून आणि शाळेतल्या पोरांसारखी पाटी-पेन्सिल घेऊन ही बाई घरात वावरत असे. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं होतं. त्यातून निघालेली गुरगुर ऐकून त्यांनी पाटीवर 'याच्यापेक्षा इंजिनाचा भोंगा बरा' असं लिहिलं आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. रावेरकडच्या केळीच्या मळ्यात वाढलेली बाई ती. बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला सालदार हातातलं टाकून उभा राही. तिला आता नवऱ्याला बोलवायचं तर पातेल्यावर उलथनं वाजवावं लागे. जीवरामभाऊ वाजवण्याच्या पद्धतीवरून चहा झाला की भांडण आहे हे ओळखायला शिकले होते.

मात्र सुनंदाबाईंचा आवाज जगातून अगदीच नाहीसा झाला नव्हता. तो संगणकात होता. ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस मिळाले होते. मुलगी भूमिका तेव्हा वडोदऱ्याला पाचव्या महिन्यात, तिला प्रवास बंद. तिनं फोनवर सांगितलं, "आई, जे मनात येईल ते बोलून ठेव. माझ्या लेकराला ऐकवीन." मग सुनंदाबाई रोज दुपारी संगणकासमोर बसल्या. जीवरामभाऊ यंत्र चालू करून देत आणि ओट्यावर जाऊन बसत. बोलून झालं की त्या टाळी वाजवत, मग हे आत येऊन बंद करत. बटणांना हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. "तू नको, बिघडेल," हे वाक्य त्या घरात संगणक आल्या दिवसापासून चालत आलं होतं. अशी अडतीस बोलणी जमली. त्यात काय होतं ते जीवरामभाऊंना माहीत नव्हतं. ओट्यावर कधी लग्नातल्या गाण्याची एखादी ओळ ऐकू येई, कधी बट्टीचं पीठ किती जाडं दळायचं ते, कधी नुसतं हसणं. मोबाईलमध्ये घरच्या लग्नकार्यांचे दोन-चार तुकडे होते, पण त्यात बँड वाजत होता. आवाज काय तो 'सुनंदा' नावाच्या त्या एका फोल्डरात.

आणि तो फोल्डर त्यांनी दोन वर्षांत एकदाही उघडला नव्हता. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायको स्वयंपाकघरात जिवंत वावरते आहे आणि आपण तिचा आवाज पेटीतून ऐकायचा, म्हणजे तिला गेलेली धरून चालायचं, असं काहीसं त्यांना वाटे. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. भूमिका अधूनमधून मागे लागे. "मोबाईलवर पाठवलं की आवाजाचा चोथा होतो, मी शास्त्रशुद्ध प्रत काढून देतो," असं सांगून ते वेळ मारून नेत. आता मात्र ती दिवाळीला येणार होती, पावणेदोन वर्षांच्या मुलीला घेऊन. पोरगी शब्द जुळवायला लागली होती. "पप्पा, या खेपेला पेन ड्राइव्ह तयार पाहिजे," ती म्हणाली. "तिनं आजीला ऐकायला पाहिजे."

तेव्हा जीवरामभाऊंनी ठरवलं की आधी यंत्र वेगवान करायचं, मग प्रत काढायची. मंद यंत्रावर घाईनं काम करू नये, अशी त्यांचीच एक युक्ती होती.

पहिला सल्ला अर्थातच सुपडूभाऊंचा आला. "भाऊ, यंत्र मंद होतं ते धुळीनं. आमच्या सबस्टेशनला आम्ही हवेनं झोडपून काढायचो." त्यांच्या पाचोऱ्याच्या शेतात फवारणीचा हवेचा पंप होता, तो ते रविवारी स्कूटरवर बांधून घेऊन आले. जीवरामभाऊंनी संगणकाचं झाकण उघडून डबा टेबलावर आडवा ठेवला. पंप चालू झाला. धूळ निघाली यात वाद नाही, पण पंपाच्या नळीत कपाशीवर मारलेल्या औषधाचा शेवटचा घोट शिल्लक होता, तोही निघाला. खोलीत असा वास सुटला की भिंतीवरची पाल खाली पडली. गळ्यातून श्वास घेणाऱ्या बाईला त्या घरात क्षणभर थांबणं शक्य नव्हतं. सुनंदाबाई खोकल्याच्या उबळीनं काळ्यानिळ्या झाल्या. त्यांना धरून समोरच्या कांतीलालजींच्या ओट्यावर नेऊन बसवलं, ते संध्याकाळपर्यंत. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी पाटी मागून घेतली आणि लिहिलं, "मले मारायचं असंल तं सांगून मारा." सुपडूभाऊंनी ते वाचलं आणि पंप उचलून चालू लागले. झाकण लावल्यावर दोन स्क्रू उरले आणि संगणक चालू व्हायला अकरा मिनिटं लागू लागली.

मग त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा असं करत वीस मिनिटांनी एक बाई बोलली, तिनं यंत्राच्या बुडाशी चिकटवलेला अठरा अंकी क्रमांक विचारला. जीवरामभाऊ टेबलाखाली पाठीवर झोपले, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा नाकावर आणला आणि अकरावा अंक तीन आहे की आठ यावर अडले. बाई म्हणाली, क्रमांक मिळाल्यावर पुन्हा संपर्क साधा. ते टेबलाखालून निघायच्या आत मोबाईलवर निरोप आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण करण्यात आलं आहे. त्यांना राग आला तो निवारणाचा नव्हे. चौतीस वर्षं पार्सल ऑफिसात बसून नेमकं हेच वाक्य त्यांनी हजारो लोकांना पाठवलं होतं, आणि ते वाचणाऱ्याला कसं वाटतं हे त्या दिवशी टेबलाखाली कळलं.

शेवटी खरा सल्ला दिला तो कांतीलालजींनी. त्यांचं कापडाचं दुकान, तीन पिढ्यांचं. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, म्हणून ते आत्मविश्वासानं बोलले. "भाऊसाहेब, दुकान हळू का चालतं? जुना माल पडून असतो म्हणून. गिऱ्हाईक साडी मागतं आणि आपला माणूस सात गठ्ठे उचलून आठवा काढतो. तुमच्या पेटीत जुना माल किती आहे ते बघा की."

जीवरामभाऊंना हे एकदम पटलं, आणि पटण्याचं कारण घरातच होतं. दसरा झाला की नेहेत्यांच्या घरी साफसफाई निघे आणि तिचा कायदा सुनंदाबाईंनी लग्न होऊन आल्या वर्षी घालून दिला होता. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत जिला हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर. त्यात दया नाही, माया नाही. सासूबाईंची खुर्ची या कायद्यानं गेली, जीवरामभाऊंचा व्यायामाचा पट्टा गेला, त्यांच्या सत्काराच्या अकरा शालींपैकी दहा गेल्या. या वर्षीही बाई पदर खोचून माळ्यावर चढल्या होत्या आणि खाली उभ्या असलेल्या नवऱ्याच्या अंगावर वस्तू फेकत होत्या. त्या धुळीत उभं राहूनच त्यांना कल्पना सुचली. प्रत्येक फाईल शेवटची कधी उघडली याची तारीख संगणक ठेवतोच. तारखेप्रमाणे लावायचं, गेल्या दिवाळीच्या अलीकडचं ठेवायचं, पलीकडचं काढायचं. माणसाच्या घराला जो कायदा तोच यंत्राला.

मंगळवारी सकाळी ते बसले. यादी लावली. एक एक नाव वाचत बसले असते तर ही गोष्ट झालीच नसती, पण यादी चाळीस हजारांची होती आणि कायदा म्हटला की त्यात नाव बघायचं नसतं. त्यांनी वरचं एक टोक धरलं, शिफ्ट दाबून खालचं टोक धरलं. सगळं निळं झालं. कचऱ्याच्या टोपलीत टाकलं तर जागा मोकळी होत नाही, म्हणून शिफ्ट धरून डिलीट दाबावं, ही युक्ती त्यांनी मागच्याच श्रावणात फळ्यावर लिहिली होती. संगणकानं विचारलं, कायमचं काढायचं का? नक्की? माणूस हयातभर खालच्या कोपऱ्यात सही करत आलेला. त्यांनी हो म्हटलं.

आणि संगणक चाळीस सेकंदांत चालू झाला.

त्यांनी तो सहा वेळा बंद करून चालू केला. मग सुपडूभाऊंना बोलावून दाखवला. सुपडूभाऊंनी घड्याळ लावून बघितलं आणि "हवेनं फरक पडलाच," एवढंच म्हणाले. कांतीलालजी तर सद्गदित झाले. त्यांनी दुपारी पोतंभर कॅसेटी आणाव्या तशा डिस्का आणल्या. मुलगा रोनक आणि सून हर्षिता यांच्या लग्नाचं पाच दिवसांचं चित्रीकरण होतं, घरच्या संगणकात मावत नव्हतं. "तुमच्याकडे आता जागाच जागा आहे, भाऊसाहेब." शेजारधर्म होता, शिवाय वेग दाखवायची संधी होती. जीवरामभाऊंनी पाचही दिवस यंत्रात भरले. मेंदी, संगीत, हळद, वरात आणि एका मामाचं भाषण. ते भरत असताना यंत्र एकदाही कुरकुरलं नाही. पुढच्या सोमवारी फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'वर्षभर न उघडलेलं काढून टाका आणि चमत्कार पाहा', आणि सही नेहमीपेक्षा थोडी मोठी केली.

वसुबारसेच्या चार दिवस आधी नवा पेन ड्राइव्ह घेऊन ते प्रत काढायला बसले. 'सुनंदा' दिसलं नाही. त्यांनी शोधायच्या चौकटीत नाव लिहिलं. संगणकानं क्षणात, अगदी विजेच्या वेगानं सांगितलं की असं काही नाही. त्यांनी इंग्रजीत लिहिलं. नाही. कंट्रोल आणि झेड दाबलं, तर रोनकच्या वरातीच्या फाईलचं बदललेलं नाव पूर्ववत झालं. काही सुचेनासं झालं म्हणून त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. मग त्यांना हळूहळू समजलं की त्या अडतीसही फायलींची शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली होती. नंतर त्यांना कोणाचाही हात लागला नव्हता. 

मागं पाटी वाजली. सुनंदाबाई करंजीच्या पिठाच्या हातानं उभ्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं, "काय शोधता?"

"काही नाही गं," जीवरामभाऊ म्हणाले. "धुळ्याला जाऊन येतो उद्या. रेल्वेतला एक जण आजारी आहे."

धुळ्यालाच का, तर जळगावात दुरुस्तीची दुकानं पन्नास आहेत, पण कुठल्याही दुकानात डबा नेला असता तर संध्याकाळच्या आत फळ्याशेजारी गर्दी झाली असती. बायकोचा आवाज हरवलेला आणि या माणसाला स्वतःच्या सहीची काळजी होती. ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "आबा, हे मांडीवर चालणार नाही, हे सामान आहे. टपावर टाका, नाहीतर वेगळं तिकीट." जीवरामभाऊंनी वजन, आकार आणि प्रवाशासोबतची वस्तू यांतला फरक त्याला समजावून सांगायला घेतला. चौतीस वर्षं त्यांनी हाच फरक लोकांना उलटा समजावून सांगितला होता. कंडक्टरनं तिकीट फाडून डब्यावर ठेवलं आणि पुढे गेला.

धुळ्यातल्या पाचव्या गल्लीतलं मयुरीताईंचं संगणक दुरुस्तीचं दुकान म्हणजे जुना टायपिंगचा क्लास. भिंतीला अजून झाकलेली टंकयंत्रं होती आणि पन्नाशीच्या मयुरीताई चष्म्यावर दुसरं भिंग लावून बसलेल्या होत्या. त्यांनी डबा जोडला, तासभर तपासला आणि मग अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, मिटाडेल चीज लगेच जात नही. तेनावर नवं काही लिखाई गयं, मंग जास." आणि पडद्याकडे बघून विचारलं, "हाई लगीन कोनं शे?"

जीवरामभाऊंनी सांगितलं.

"या लगीननं खाई टाकं," मयुरीताई म्हणाल्या. "बठ्ठं काही येनार नही. पन काही तरी शे. आवाजना सत्तावीसशे तुकडा निघनात. नाव एकनंबी नही. कोनता तुमना ते तुम्हीच ऐकीसन सांगा." मग त्यांनी कानाला लावायचं यंत्र पुढे केलं आणि एका टंकयंत्रावरचं झाकण काढून तिथं त्यांना बसवलं.

दोन दिवस ते धुळ्याला गेले आणि दोन्ही दिवस ऐकत बसले. भजनं निघाली, मोबाईलच्या घंटा निघाल्या, सुपडूभाऊंनी पाठवलेले शुभप्रभाताचे निरोप निघाले. आणि निघाले ते स्वतः जीवराम नेहेते. फळ्यावर लिहिण्याआधी आपली युक्ती बोलून ठेवायची त्यांना सवय होती. त्या सगळ्या युक्त्या शाबूत होत्या. नमस्कार, आज आपण अक्षर मोठं कसं करावं ते पाहू. नमस्कार, आज आपण घड्याळ कसं लावावं ते पाहू. आपला आवाज इतका कंटाळवाणा आहे हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तर ते आपला आवाज ऐकू आला की लगेच पुढचा तुकडा लावत होते. एक तुकडा त्यांनी असाच पुढे ढकलला, आणि ढकलता ढकलता मागे बारीकसं "हं" ऐकू आलं. ते परत मागे आले. तो तुकडा पूर्ण ऐकला. मग कानाचं यंत्र काढून ठेवलं आणि टंकयंत्रावर डोकं टेकून रडले. मयुरीताईंनी पंखा त्यांच्याकडे फिरवला आणि आपल्या कामाला लागल्या.

सत्तावीसशेत तो एकच निघाला. बाकीच्या सदतिसांवर पाच दिवसांचं लग्न बसलं होतं.

घरी आले तेव्हा सुनंदाबाई शेव पाडत होत्या. जीवरामभाऊंनी पाट घेतला, समोर बसले आणि सगळं सांगितलं. पंप, कायदा, शिफ्ट, धुळं, आजारी नसलेला मित्र. सांगताना एकही फाटा फोडला नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असावं. सुनंदाबाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि पाटी घेतली. जीवरामभाऊंना वाटलं, आता ती फायलींबद्दल विचारेल. तिनं लिहिलं, "दोन वर्षांत एकदा पण नही?"

कायद्यात ते पकडले गेले होते. उघडलं असतं तर राहिलं असतं. त्यांनी मान हलवली.

तिनं तळव्यानं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी अक्षर बारीक आलं, कारण मजकूर जास्त होता. "मले लावता येत नव्हतं. तुमी लावाल म्हून वाट पायली. रोज पायली."

जीवराम नेहेत्यांनी चौतीस वर्षांत साहेबांची बोलणी खाल्ली, चौकशी झाली, एकदा केळीचे दोन वॅगन सडवल्याबद्दल मेमोही मिळाला. पण त्या पाटीसारखं त्यांना काही लागलं नव्हतं. आख्ख्या कॉलनीला बटणं शिकवणाऱ्या माणसानं घरातल्या एका बाईला एक बटण शिकवलं नव्हतं, आणि ती बाई दोन वर्षं त्या पेटीवरची धूळ रोज पुसत होती.

सकाळी त्यांनी तिला संगणकासमोर बसवून तो तुकडा लावला. चार मिनिटांचा होता, अगदी पहिल्या दिवसाचा. "नीट ऐक," त्यातले जीवरामभाऊ म्हणत होते, "तोंड माईकपासून चार बोटं लांब. फार जवळ आलीस तर फुत्कार येतो." "हं." "मध्ये खोकायचं नाही. पंखा मी बंद केलेला आहे. बांगड्या वाजतात, त्या वर सरकव." "बरं." "आधी नाव सांगायचं, मग तारीख, मग विषय. विषय सोडून बोलायचं नाही, तुला ती सवय आहे." "हं." असं साडेतीन मिनिटं. आणि मग अचानक तो बांधावरचा आवाज, थोडा बसलेला, थोडा हसरा, "तुमी थांबा नं जरा. मी बोलते." लगेच खट्ट झालं. पहिलं खराब झालं, आता नवीन चालू करू, म्हणून त्यांनी तिथंच बंद केलं होतं.

सुनंदाबाई पडद्याकडे बघत होत्या. खांदे हलत होते, हसत होत्या की रडत होत्या ते आवाजावाचून कळेना. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, "तुमचं काढा."

पुढचे दोन दिवस जीवरामभाऊ स्वतःला कापत बसले. एक एक वाक्य धरायचं, निळं करायचं, काढायचं. एकही सूचना ठेवली नाही. उरले एकोणीस सेकंद. हं. बरं. हं. एकदा बांगड्यांचा आवाज, तो त्यांनी राहू दिला. आणि शेवटी ते वाक्य. मग त्यांनी पहिल्यांदा खुर्ची बायकोला दिली, माऊसवर तिचा हात ठेवला आणि कुठं दाबायचं ते बोटानं दाखवलं. तिला ते एकदाच दाखवावं लागलं.

पाडव्याला भूमिका आली. दारातच जीवरामभाऊंनी तिला सगळं सांगितलं. ती आत जाऊन आईच्या मांडीत डोकं घालून बसली. दुपारी पोरगी झोपेतून उठली तेव्हा सुनंदाबाईंनी तिला उचलून संगणकासमोर मांडीवर घेतलं आणि बटण दाबलं. हं, बरं, हं, बांगड्या, आणि "तुमी थांबा नं जरा. मी बोलते."

पोरगी थांबली. सांगितलं तसं थांबली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग मान वर करून आजीच्या तोंडाकडे बघत राहिली, बराच वेळ.

"बोल," ती म्हणाली.

भूमिका उठून गॅलरीत गेली. जीवरामभाऊ दाराशी उभे होते, आणि त्यांना जगातली एकही युक्ती आठवत नव्हती. पोरगीनं हातानं आजीची हनुवटी धरली आणि पुन्हा म्हटलं, "बोल, आजी."

सुनंदाबाईंनी पुन्हा बटण दाबलं.